पूर्व अजून बाकी आहे

११ जानेवारी, रविवार

नकाशात नदी उलटी काढली! आणि तीही शाईने.

पेन्सिलीत बरोबर होती. डोंगरात उगम, तिथे रेघ बारीक. खाली येता येता जाड होत आखातात पडायची. शाई फिरवताना मध्येच चहा टाकायला उठले आणि परत येऊन बसले ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. झालं! समुद्राशी बारीक सुरू केली आणि जाड करत करत नेऊन डोंगरात सोडली. म्हणजे आमची नदी आता समुद्रातून निघते, चढ चढते आणि डोंगराच्या पोटात शिरते.

ब्लेडने खरवडायला घेतलं तर आई म्हणाल्या, "हात काढ. नियम म्हणजे नियम."

नियम त्यांचाच. पेन्सिलीत काय वाटेल ते करा, पण शाईत आलं की ते तिथे आहे. खोडायचं नाही. चूक असेल तर तिचं कारण शोधायचं. हा नियम केला तेव्हा मला फार आवडला होता. आज नुसते दातओठ खाल्ले.

१२ जानेवारी, सोमवार

लॅबमध्ये दिवसभर डोक्यात नदी. एका कवळीला उजवी दाढ डावीकडे बसवली. मेणातच होती म्हणून निभावलं. शेजारची पॉलिशवाली म्हणाली, लक्ष कुठे आहे तुझं? काय सांगणार तिला — नदी डोंगर चढतेय म्हणून!

घरी आले तर आई नकाशावर भिंग धरून बसलेल्या. कारण सापडलं होतं. त्याच नदीच्या काठाने जाणारी एक वाट मी मागे अर्धवट सोडली होती. त्यात काही गूढ नव्हतं, पेनातली शाई संपली होती. आईंनी त्या तुटक्या टोकावर बोट ठेवलं आणि सांगितलं की कोणीतरी जादूने नदी फिरवली आणि त्या बदल्यात त्याची ही वाट गेली.

"फुकटची जादू मला चालायची नाही," म्हणाल्या. "काही मिळवायचं तर काही द्यायला हवं. इथे वाट द्यायची."

मी बघतच राहिले. किती दिवस आम्ही डोकं खाजवत होतो, आपल्या जगात जादू कशी असावी म्हणून. कांडी नको, मंत्र नकोत, उडणारी माणसं नकोत, इतकंच काय ते ठरलं होतं. आणि माझ्या दोन चुका शेजारी शेजारी पडल्या आणि त्यातून जादू निघाली. आई इतक्या खुशीत होत्या की चहात साखर दोनदा घातली. मी मुकाट्याने प्यायले.

१८ जानेवारी, रविवार

फोन आला. आईंच्या मुलाचा. पूर्वी तो माझा नवराही होता. आता त्याच्याकडे एकच पद उरलंय.

त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येतो, आई कमी ऐकतात म्हणून फोन स्पीकरवर असतो. बाळ एप्रिलमध्ये येणार. त्याची बायको एकटी पडते. आईने आता तिकडेच राहायला यावं, कायमचं. मी नदीवर पूल काढत होते, पूल वाकडा झाला. विनवणीच्या सुरात बोलत होता बिचारा. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

आई म्हणाल्या, "नकाशा पुरा झाला की येते."

"कसला नकाशा?"

"आमचा. पूर्व अजून बाकी आहे."

मला हसू आवरेना, भाजी करपल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात पळाले. गॅसवर काहीसुद्धा नव्हतं!

पण मग तिथेच उभी राहिले. हसू गेलं. इथे लिहून टाकते, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही: आई जायला नको आहेत मला. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो आणि तो दुसऱ्या शहरात गेला, तेव्हा सगळे धरूनच चालले होते की आई सामानाबरोबर जाणार. आई म्हणाल्या, मी सामान नाही. आणि राहिल्या. कायद्याने आता त्या माझ्या कोणी लागत नाहीत. दवाखान्यात नातं विचारतात तेव्हा मी अजून सून सांगते आणि त्या मान हलवतात.

२४ जानेवारी, शनिवार

पूर्वेला एक कोरी शीट चिकटवली. आईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज सगळा नकाशा जमिनीवर पसरून बघितला. दोन खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या. एवढा मोठा कधी झाला?

सुरुवात एका जबड्यापासून झाली. लॅबमध्ये जबड्यांचे साचे काम संपल्यावर फेकून देतात. मी एक घरी आणला होता, कागद उडू नयेत म्हणून. त्या दिवसांत मी कामावरून यायचे आणि दिवा न लावता बसून राहायचे. कशासाठी लावायचा, असं वाटायचं. एक दिवस आईंनी तो प्लास्टरचा जबडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, या डोंगरापलीकडे काय आहे? मी काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून समुद्र म्हटलं. मग समुद्राच्या काठावर कोण राहतं? मग ती माणसं काय विकतात? उत्तरं देता देता दिवा लावावा लागला, कारण त्यांना चित्र काढून हवं होतं.

म्हणून नावं ही अशी. सुळेरांग. गालफाडाचं आखात. हनुवटीचं टोक. लांबवरचं एकटं बेट म्हणजे पडजीभ. सगळ्या देशाला मिळून नाव अजून नाही. आईंचं म्हणणं, आधी जन्मू तर दे, मग नाव.

आई आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात लोकांचे कॉल जोडून देत होत्या. ती सवय गेलेली नाही. मी नकाशावर कुठलीही वाट काढली की लगेच विचारतात — कुठून? कुठे? दोन्ही टोकं सांगितल्याशिवाय शाई लावू देत नाहीत. आणि चौकट सगळ्यात शेवटी. चारी बाजूंची चौकट शाईत आली की नकाशा पुरा, त्यानंतर एक झुडूपसुद्धा वाढवायचं नाही. हाही नियम.

चौकट अजून पेन्सिलीतसुद्धा नाही!

१ फेब्रुवारी, रविवार

नियमावरून दिवसभर वाद. मजा आली.

ठरलं ते असं. जादू कोणालाही करता येते. छोट्या जादूला गल्ली, मोठ्या जादूला लांबचा रस्ता. दिलेली वाट फक्त देणाऱ्याला बंद होते, बाकीचे खुशाल जातात. त्याने पाऊल टाकलं तर तो पुन्हा निघाल्या ठिकाणीच येतो. मग नदीकाठची वाट नकाशावर तुटलेली का? आईंनी डोळ्याचं पातं न लववता सांगितलं की त्या चिखलातून तो एकटाच जायचा, वाट वापरात राहिली नाही, मोडली. टेलिफोन ऑफिसात असं उत्तर तयार ठेवावं लागत असणार.

मग मी पेच टाकला. सगळी पोरं शाळेची वाट देऊन टाकतील. करवसुलीच्या कचेरीची वाट मोठी माणसं देतील. दातांच्या डॉक्टरची तर सगळेच देतील आणि माझं काम बंद पडेल!

आईंनी कवळी काढून वाटीत ठेवली. मोठा विचार करायचा असला की त्या दात काढून ठेवतात. (ती कवळी माझ्या हातची आहे. पहिल्याच खेपेला बसली होती.) चहा गार झाला. मग दात लावून म्हणाल्या, "नावडती वाट देता येत नाही. आवडती असेल तरच जादू लागते."

वहीत लिहून टाक म्हणाल्या, मी लिहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चालत घरी येताना विचार करत होते — मला जादू करायची वेळ आली तर कुठली वाट द्यावी लागेल? लॅबची? मुळीच नाही, ती चालायचीच नाही. मंडईची? ती बरी आहे, पण आवडती नव्हे.

शिंप्याच्या दुकानाच्या अलीकडे रस्ता वळतो. वळलं की आमची खिडकी दिसते. आईंनी दिवा लावलेला असतो. वळणापासून जिन्यापर्यंतचा तो तुकडा. बस, एवढीच एक माझी आवडती वाट निघाली. बायका कुठे कुठे हिंडून येतात!

८ फेब्रुवारी, रविवार

फोन. झाला का नकाशा? आई म्हणाल्या, समुद्रात बेटं निघाली, आता काय करणार.

बेटं काही आपोआप निघालेली नाहीत. काल रात्री बसून मीच काढली, ओळीने, पार कागदाच्या कडेपर्यंत. प्रत्येकाला धक्का, विहीर, दोन वस्त्या. उद्या आणखी एक शीट आणणार आहे. फोन ठेवल्यावर आईंनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, किती बेटं गं? मी म्हटलं, बघू या. त्यांनी भिंग ठेवून दिलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आनंदाची बातमी!

खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी हाक मारली. वाटलं दुरुस्तीला दिलेली बाही झाली असेल. तर आवाज खाली आणून म्हणाले की ताई, सांगू नका म्हणून बजावलंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजी रोज दुपारी जिना चढउतार करतात. कठडा धरून, थांबत थांबत. काकांनी खाली एक खुर्ची ठेवलीय, मध्ये बसायला.

आई! ज्या गुडघ्यांपायी वर्षभर फक्त दवाखान्यासाठी खाली उतरल्या, तेही माझ्या खांद्यावर भार टाकून! आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, तेवढ्यालासुद्धा धाप लागायची. म्हणजे मला चकित करायचा बेत आहे तर. एक दिवस मी लॅबमधून येईन आणि त्या वळणावर उभ्या असतील. मग कागदाच्या दुकानात बरोबर जाऊ, पेनं त्यांना स्वतः निवडायची असतात.

मी काही कळल्याचं दाखवणार नाही. गुपित तर गुपित. काकांनी बाहीचे पैसे घेतले नाहीत, आनंदाच्या भरात मीही आग्रह केला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज आईंनी एक नवं माणूस आणलं. सुळेरांगेतल्या बुरुजात राहणारी म्हातारी. लोक तिला थांबलेली म्हणतात.

तिने आयुष्यभर गावासाठी जादू केली. पूर वळवला, एक वाट गेली. साथ थांबवली, एक रस्ता गेला. कोणाचं हरवलेलं जनावर, कोणाची गेलेली दृष्टी. प्रत्येक वेळी एक आवडती वाट. आता तिला बुरुजातून कुठेच जाता येत नाही. एक बाई रोज पाणी घेऊन वर येते आणि दोघी बोलत बसतात.

"सगळ्या वाटा संपल्या तिच्या?" मी विचारलं.

"एक ठेवलीय," आई म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

भांडण झालं. आम्ही भांडत नाही खरं तर.

थांबलेलीची ती शेवटची वाट नकाशात घालायची होती. मला तिची गोष्ट पूर्ण दिसत होती. एक दिवस मोठं संकट येतं, ती शेवटचीही वाट देऊन टाकते, गाव वाचतं, ती बुरुजातच राहते. पाणी आणणारी बाई येत राहते. छान शेवट. आईंना पसंत पडेना. म्हणे, ती जादूसाठी ठेवलेलीच नाही, ती जायला ठेवलीय.

कुठे जायला, ते सांगेनात. नकाशा तू काढतेस, म्हणाल्या.

मग मी काढली. बुरुजातून निघून विहिरीला वळसा घालून परत बुरुजाशी. झाडं काढली दोन्ही बाजूंनी, बसायला दगड काढला. शाई लावली आणि मग दाखवलं. आधी दाखवलं नाही, हे माझं चुकलंच.

आईंनी भिंग फिरवलं. "कुठून?"

"बुरुजातून."

"कुठे?"

मी पेनाला टोपण लावलं.

"ही कुठे जातच नाही," त्या म्हणाल्या.

मग मी बोलत सुटले. तिला काय कमी आहे तिथे? विहीर आहे, गप्पा आहेत, कोणी विचारणारं आहे. सगळ्यांनी कुठेतरी गेलंच पाहिजे असं कोणी सांगितलंय? आई ऐकून घेत होत्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मला वाटलं हसतायत, म्हणून आणखी चिडले. माझ्या हातचे दात लावून मलाच हसतात!

हसत नव्हत्या बहुतेक.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बोलणं सुरू. विषय: पडजीभ बेटावर दीपगृह हवं की नको.

१ मार्च, रविवार

फोन आला तेव्हा आई अंघोळीला गेल्या होत्या. घ्यावा की नाही? घेतला.

आम्ही दोघं नीटच बोलतो. हवापाणी झालं. मग त्याने सांगितलं की आईसाठी खोली तयार केली, खिडकीशी टेबल ठेवलं, मोठं, म्हणजे तिला नकाशाचं काही आणायचं असलं तर मांडता येईल. मला बरं वाटलं आणि वाईटही. त्याला टेबलाचं सुचलं. लग्नात असताना त्याला असं काही सुचलं की मी ते फार जपून ठेवायचे.

"एकच अडचण आहे," तो म्हणाला. "आमचा तिसरा मजला. लिफ्ट नाही. मी डिसेंबरमध्येच सांगितलं होतं तिला, घर बदलतो म्हणून. तर म्हणाली, बदलू नकोस, जिन्याचं मी बघते."

मी म्हटलं, "डिसेंबरमध्ये?"

"हो. मग एकदम हे नकाशाचं काढलं. तिला यायचंच नाहीये का? तू खरं सांग, मी आग्रह सोडतो."

विचारून सांगते म्हटलं आणि ठेवला.

आई टॉवेलने केस पुसत आल्या. कोण होतं? सांगितलं. काय म्हणत होता? म्हटलं, टेबल घेतलंय. त्यांनी केस पुसणं थांबवलं, केवढं, असं विचारलं, आणि मग घाईने पुन्हा पुसायला लागल्या.

डिसेंबर. पूर्व बाकी आहे म्हणायच्या कितीतरी आधी.

७ मार्च, शनिवार

पॉलिशचं यंत्र जळालं, लॅब लवकर सुटली. भर दुपारी गल्लीत शिरले. दारातूनच जिन्यावर आईंची चप्पल ऐकू आली. मी शिंपीकाकांच्या दुकानात शिरले आणि टांगलेल्या कोटांच्या मागे उभी राहिले. या वयात! काकांनी काही विचारलं नाही, एक स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं आणि मशीन चालवत राहिले, माझी चाहूल वर जाऊ नये म्हणून.

आई आमच्या दाराशी थांबल्या नाहीत. वर गेल्या. दुसरा मजला. मग चप्पल थांबली, दम घेत असणार. मग तिसरा. वर बराच वेळ काही नाही. मग उतरायला लागल्या. खालच्या पायऱ्यांवर आल्या तेव्हा कोटांच्या फटीतून दिसल्या, एक हात कठड्यावर. दुसऱ्या हाताच्या कुशीत उशी होती, पलंगावरची लहान उशी, गळ्याशी धरलेली. तिला सांभाळत, पाय आधी चाचपून, एकेक पायरी.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजी म्हणतात, मूल घेऊन उतरता आलं नाही तर जाऊन उपयोग काय."

मी नेहमीच्या वेळेपर्यंत तिथेच बसले. काकांनी बटणं लावायला दिली. मग वर गेले. आईंचे गाल लाल होते. दिवसभर बसून बसून अंग आंबलं, म्हणाल्या. उशी पलंगावर जागच्या जागी.

८ मार्च, रविवार

फोन. झाला का?

"नाही रे, बेटं बाकी आहेत," आई म्हणाल्या. म्हणताना माझ्याकडे बघत होत्या. मी पेनाची निब पुसत होते, पुसतच राहिले.

किती मूर्ख आहे मी! मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी नकाशा वाढवतेय. त्यांना जायचं नाहीये, त्यांना सबब पुरवतेय. आणि त्या सबब माझ्यासाठी सांगत होत्या. मी पुन्हा दिवा न लावता बसेन म्हणून. दुपारी तीन मजले चढायचे आणि संध्याकाळी माझ्या बेटांना नावं द्यायची. एकदाही म्हणाल्या नाहीत की पुरे.

विचारलं तर नाहीच म्हणतील. विचारायचं नाही.

१० मार्च, मंगळवार

कागदाच्या दुकानावरून आले. शीट घेतली नाही.

१४ मार्च, शनिवार

आज वळणावर थांबले. खिडकीत दिवा होता. आईंची सावली मध्येच हलली, बहुतेक नकाशाकडे वाकल्या. लोक जात येत होते, एकाने विचारलं काही हरवलं का. रुमाल घरी विसरला होता, ओढणीला डोळे पुसले.

मला त्या हव्या आहेत. संध्याकाळी कुठून, कुठे असं विचारणारं माणूस हवं आहे. हे मी कितीही वेळा लिहीन. पण त्यांनी त्या नातवंडाला घेऊन जिना उतरायला हवा, उशीला नाही. हेही तितकंच खरं आहे आणि दोन्हीत मला दुसरं जास्त खरं वाटलं.

जादू करायची तर आवडती वाट द्यावी लागते. नियम आईंचाच आहे.

घरी गेले. उशीर का झाला विचारलं. म्हटलं, रस्ता बघत होते.

१५ मार्च, रविवार

सकाळी फोन यायच्या आधी बसले. थांबलेलीच्या वाटेला हात लावला नाही, शाईत आहे ती. फक्त विहिरीपासून तिला पुढे नेलं. घाटातून, पुलावरून, आखाताच्या काठाने, सगळी बेटं ओलांडून पार पूर्वेच्या कडेपर्यंत. मग मोठी पट्टी घेतली आणि चौकट आखली. चारी बाजूंनी, शाईने. त्या वाटेपाशी पेन उचललं, बोटभर जागा सोडली आणि पुढे आखत गेले.

आई शेजारी येऊन उभ्या होत्या. शाई वाळू दिली. मग भिंग न घेता वाकल्या आणि विहिरीपासून कडेपर्यंत बोट फिरवत नेलं.

"बॅग माळ्यावरच आहे ना?" म्हणाल्या.

आहे म्हटलं. स्टूल आणायला उठले.